एक वाटी उकळतं, दोन वाट्या नळाचं: बाळाचं दूध कोमट करताना

फ्रिजमधून काढलेली १२० मिलीची बाटली साधारण ४ अंश सेल्सिअसला असते. बाळाच्या तोंडी जाताना ती ३७ अंशांच्या आसपास असली की झालं, म्हणजे आईच्या अंगाइतकी. मधले ३३ अंश पार करायला फारच थोडी उष्णता लागते. तरी बहुतेक घरांत गॅसवर पातेलं खदखदत असतं, त्यात बाटली उभी असते आणि शेजारी कुणीतरी रडणारं बाळ कडेवर घेऊन उभं असतं.

याचं मूळ आपल्या सवयीत आहे. मराठी घरात दूध ही तापवायची वस्तू. सकाळी पिशवी फोडली की दूध पातेल्यात ओतायचं, उकळी आणायची, साय धरू द्यायची. गाई-म्हशीच्या दुधाला हे अगदी योग्य आहे. गोठ्यातून, किटलीतून, वाहतुकीतून येणारे जंतू उकळीने मरतात. पण आईचं काढून ठेवलेलं दूध त्या वाटेने आलेलं नसतं. त्यात जंतूंशी लढणारे घटक आणि पचनाला मदत करणारी विकरं असतात. ती उष्णतेने खराब होतात, आणि दूध ४० अंशांच्या वर जितकं जास्त तापेल, जितका जास्त वेळ तापलेलं राहील, तितकं हे नुकसान वाढतं. म्हणून आजी ‘एक उकळी आणून दे गं’ म्हणाल्या तर त्यांना एवढंच सांगायचं, की हे दूध तापवायचं नाही, त्याचा फक्त गारठा मोडायचा आहे.

आणि गारठा मोडलाच पाहिजे असंही नाही. पूर्ण दिवस भरून जन्मलेलं, निरोगी बाळ खोलीच्या तापमानाचं दूध पिऊ शकतं, काही बाळं गारही पितात. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाच्या बाबतीत मात्र डॉक्टर सांगतील तेच करावं. कोमट करण्याचा एक साधा फायदा असा, की थंडीने वर येऊन बाटलीच्या कडांना चिकटलेली मलई सुटते आणि दुधात परत मिसळते. गार दूध दिलं की ती काचेला तशीच राहते आणि बाळाच्या वाट्याची चरबी बाटली धुताना मोरीत जाते.

पाण्याचं माप

एक स्टीलचं उभट भांडं घ्या. तांब्या किंवा मोठा मग चांगला, पसरट पातेलं नको. त्यात आमटीच्या वाटीने एक वाटी उकळतं पाणी आणि दोन वाट्या नळाचं साधं पाणी ओता. नळाचं पाणी २७ अंशांच्या आसपास असेल तर हे मिश्रण ५० अंशांवर येतं. तीन वाट्या म्हणजे साधारण अर्धा लिटर. यात १२० मिली गार दुधाची बाटली उभी केली की पाणी निवत जातं, दूध चढत जातं आणि दोन्ही ३८-३९ अंशांवर येऊन भेटतात. या रीतीत दूध भाजण्याइतकं तापूच शकत नाही. पाण्याजवळ तेवढी उष्णताच नसते. बाळ मध्येच झोपलं, दाराची बेल वाजली, बाटली दहा मिनिटं जास्त राहिली, तरी दूध बिघडत नाही. गॅसवरच्या पातेल्याच्या बाबतीत असं म्हणता येत नाही.

हे माप मोसमाप्रमाणे थोडं बदलतं. नाशिक-पुण्याकडे डिसेंबरात नळाचं पाणी १८ अंशांपर्यंत उतरतं. तेव्हा एक वाटी उकळत्याला दीडच वाटी साधं घ्या. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, ते साधं पाणी म्हणून धरू नका, माठातलं घ्या. दूध ६० मिलीच असेल तर सगळं माप निम्मं करा, नाहीतर तेवढ्याशा दुधाला ते पाणी जास्त गरम पडतं.

वेळ बाटलीवर अवलंबून आहे. स्टीलच्या बाटलीतलं दूध तीनेक मिनिटांत कोमट होतं, काचेच्या बाटलीत पाच मिनिटं लागतात, प्लास्टिकच्या बाटलीत सात-आठ. प्लास्टिकमधून उष्णता हळू जाते, म्हणून लोक घाईने पाणी वाढवतात किंवा गॅस लावतात. त्याऐवजी दर मिनिटाला बाटली पाण्यातच गोल गोल फिरवा, आतलं दूध हललं की वेळ वाचतो.

पाण्याची पातळी दुधाच्या पातळीइतकी असावी, त्याहून वर नको. बाटलीचं आट्याचं झाकण पाण्यात बुडालं तर आट्यांच्या फटीतून बाहेरचं पाणी आत झिरपतं, आणि ते पाणी बाळाला पाजण्याजोगं असेलच असं नाही. कोमट करताना निपल लावूच नका. सपाट झाकण लावा आणि अर्धा आटा सैल ठेवा. घट्ट बंद बाटलीतली हवा तापून फुगते आणि झाकण उघडताना दुधाची चिळकांडी उडते. बाटली बाहेर काढली की निपल लावण्याआधी तिला स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसा, मानेजवळ आणि आट्याच्या खाचेत विशेष करून. तिथे दोन-चार थेंब हमखास अडकलेले असतात. बाटली उलटी केली की ते ओघळत निपलवर आणि तिथून थेट बाळाच्या ओठांवर येतात.

मग निपल लावा आणि बाटली तळहातांत धरून रवीसारखी हळू घुसळा. वरचं दूध आणि तळाचं दूध यांच्या तापमानात फरक असतो, तो मिटल्याशिवाय केलेली परीक्षा फसवते. त्यानंतर मनगटाच्या आतल्या बाजूला चार थेंब टाका. तिथली त्वचा ३२-३३ अंशांची असते, म्हणून ३७ अंशांचं दूध तिथे किंचित उबदार लागतं. ‘गरम’ असा शब्द मनात आला तरी ते जास्त आहे. भांडी घासून किंवा गरम पाण्यात हात घालून आला असाल तर दोन मिनिटं थांबा, तापलेल्या हाताला गरमही कोमट वाटतं. निपल स्वतः चोखून बघण्याची पद्धत मात्र सोडून द्यायला हवी. मोठ्यांच्या तोंडातले जंतू त्या वाटेने बाळाकडे जातात.

गॅस आणि मायक्रोवेव्ह

गॅस पेटता ठेवून पातेल्यात बाटली ठेवली की तिचं बूड तापत्या तळाला टेकतं. प्लास्टिक मऊ पडतं, आणि साधी काच फ्रिजच्या गारव्यातून एकदम गरमात गेल्याने तडकते. हा तडा कधी केसाएवढा असतो आणि दूध भरेपर्यंत दिसत नाही. म्हणून पाणी आधी गरम करायचं, गॅस बंद करायचा, माप घालून पाणी कालवायचं आणि मगच बाटली ठेवायची. काचेची बाटली असेल तर तळाला रुमालाची घडी घाला. हे सगळं करताना बाळ कडेवर नको. एका हाताने उकळतं पाणी ओतताना बाळाने हात मारला की काय होईल याचा विचारही नको वाटतो. त्याला आधी पाळण्यात ठेवा, रडलं तर दोन मिनिटं रडू द्या.

मायक्रोवेव्हची तक्रार वेगळी आहे. त्यात दूध सारखं तापत नाही. बाटलीचं प्लास्टिक बाहेरून गारच लागतं आणि आत एखादा थर तोंड पोळण्याइतका गरम झालेला असतो. हलवून तो मिसळेल असं गृहीत धरणं धोक्याचं. परदेशातल्या आपल्या घरांत सगळंच मायक्रोवेव्हमध्ये होतं, तिथे त्यात फक्त मगभर पाणी गरम करावं. तेही काढताना जपून, कारण मायक्रोवेव्हमधलं पाणी शांत दिसत असताना धक्का लागला की एकदम उसळू शकतं. मग वरच्या मापाने नळाचं पाणी मिसळून बाटली त्यात ठेवावी.

फ्रीजरमधलं दूध

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास टिकतं, फ्रिजमध्ये ४ दिवस, फ्रीजरमध्ये ६ महिन्यांपर्यंत उत्तम. हे तक्ते जगभर दिले जातात, पण त्यातली ‘२५ अंशांची खोली’ आपल्याकडे मार्च ते जून सापडत नाही. अकोल्याच्या उन्हाळ्यात काढलेलं दूध ओट्यावर ठेवूच नये, लगेच फ्रिजमध्ये जावं. ज्या फ्रिजचं दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं आणि ज्या गावात रोज वीज जाते, तिथे ४ दिवसांवर भिस्त ठेवू नये. २४ तासांत वापरावं किंवा गोठवावं, हे आमचं स्पष्ट मत. दूध दारातल्या कप्प्यात ठेवू नका, मागच्या भिंतीजवळ ठेवा.

गोठवताना ६० ते ९० मिलीचे छोटे भाग करा. वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा, दूध गोठताना फुगतं. पिशवी आडवी, चपटी ठेवून गोठवली की वितळायला निम्मा वेळ लागतो आणि डब्यात पुस्तकांसारखी रांगेने लागते. तारीख पिशवी भरण्याआधी लिहा, ओल्या पिशवीवर मार्कर धरत नाही. आधी काढलेलं आधी वापरा. ताजं काढलेलं उबदार दूध गोठलेल्या दुधावर ओतू नका, आधी फ्रिजमध्ये गार करा.

वितळवण्याची उत्तम जागा फ्रिजच. रात्री झोपताना पिशवी फ्रीजरमधून खाली आणली की सकाळी तयार. पिशवी एका वाटीत ठेवा, शिवणीला बारीक भोक असेल तर रात्रीतच कळतं आणि दूधही वाचतं. घाई असेल तर आधी साध्या पाण्यात, बर्फ सुटल्यावर कोमट पाण्यात. गोठलेली पिशवी थेट ५० अंशांच्या पाण्यात टाकली तर कडेचं दूध गरम आणि मध्ये बर्फाचा गोळा, अशी अवस्था होते. फ्रिजमध्ये वितळलेलं दूध पूर्ण वितळल्यापासून २४ तास चालतं, कोमट केलेलं दोन तास. पूर्ण वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

वीज बराच वेळ गेली तर फ्रीजर उघडून पाहू नका. आधीच एक सोय करून ठेवा: वाटीभर पाणी गोठवून बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. वीज आल्यावर नाणं वरच असेल तर फ्रीजर वितळला नव्हता, नाणं तळाला गेलं असेल तर वितळून पुन्हा गोठला. दुधात बर्फाचे खडे शिल्लक असतील तर ते पुन्हा गोठवता येतं, पूर्ण पातळ झालं असेल तर फ्रिजमध्ये ठेवून दिवसभरात संपवावं.

कधी वितळलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो आणि बाळ तोंड फिरवतं. ते नासलेलं असेलच असं नाही. आईच्या दुधात चरबी फोडणारं लायपेज नावाचं विकर असतं, काहींच्या दुधात ते जास्त काम करतं. नासलेल्या दुधाचा वास आंबूस असतो, तो ओळखू येतो. साबणाच्या वासाचं दूध बाळ पीत असेल तर खुशाल द्या. पीत नसेल तर पुढचं दूध काढल्या काढल्या, गोठवण्याआधी, स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंतच तापवायचं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बसवून गार करायचं. आईचं दूध एवढं तापवण्याची घरात हीच एक वेळ. यातही काही गुण जातात, म्हणून बाळ नाकारत असेल तरच करावं. वास आल्यावर तापवून उपयोग नाही, तो जात नाही.

दूधपेढीत दूध तापवतात ते का, असं पुष्कळजण विचारतात. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली. अशा पेढ्यांत दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं ठेवतात, कारण ते दुसऱ्या आईचं असतं आणि अनेकदा अगदी नाजूक बाळाला द्यायचं असतं. तिथे जंतू मारणं हाच हेतू असतो आणि त्यासाठी थोडे गुण गमावणं मान्य केलेलं असतं. स्वतःच्या बाळासाठी घरी काढलेल्या दुधाला हा हिशेब लागू नाही.

पावडरच्या दुधाचं उलटं

पावडर निर्जंतुक नसते. डबा सीलबंद असला तरी तिच्यात क्रोनोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात, आणि ते तान्ह्या बाळाला, विशेषतः दोन महिन्यांच्या आतल्या, गंभीर आजारी करू शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या मार्गदर्शनात पावडर किमान ७० अंशांच्या पाण्यात कालवायला सांगितली आहे. काही डब्यांवर ‘कोमट पाणी’ लिहिलेलं असतं. त्या पाण्यात जंतू मरत नाहीत, उलट त्यांना वाढायला ऊब मिळते. तुमच्या डब्यासाठी काय करायचं हे बाळाच्या डॉक्टरांशी एकदा बोलून ठरवून घ्या.

लिटरभर पाणी खळखळून उकळा. आरओचं असलं तरी उकळायचंच. झाकून ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा, तोवर ते ७० अंशांच्या वर असतं. कपभरच उकळलं तर पाच-दहा मिनिटांत खाली उतरतं, म्हणून लिटरचं माप. आधी पाणी, मग पावडर, हा क्रम मोडू नका. पावडर आधी टाकून वर खुणेपर्यंत पाणी घातलं की पाणी कमी पडतं, दूध दाट होतं आणि बाळाला बद्धकोष्ठ होतो. चमचा त्याच डब्यातला, सपाट, दाबून न भरलेला. पुष्कळ डब्यांत एका चमच्याला ३० मिली पाणी असतं, पण स्वतःच्या डब्यावरचं वाचा. दूध ‘पातळ वाटतंय’ म्हणून अर्धा चमचा वाढवायचा नाही, आणि डबा पुरवायचा म्हणून पाणी तर मुळीच वाढवायचं नाही, बाळ उपाशी राहतं.

गरम पाण्यात कालवणं स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात करा आणि निवल्यावर बाटलीत ओता. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी घालून जोरात हलवलं की प्लास्टिकचे सूक्ष्म कण जास्त सुटतात, हे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२०मध्ये दाखवलं आहे. मग भांडं गार पाण्यात बसवून दूध ३७ अंशांवर आणायचं. म्हणजे इथे कोमट करायचं नसून निववायचं असतं. तयार केलेलं दूध दोन तासांत संपवा. साठवायचंच तर लगेच गार करून फ्रिजमध्ये, जास्तीत जास्त २४ तास, आणि बाहेर काढून कोमट करायला १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लावायचा नाही.

उष्टं दूध, थर्मास आणि यंत्र

बाळाने एकदा ओठ लावले की ते दूध उष्टं झालं. लाळेतले जंतू बाटलीत जातात आणि कोमट दूध त्यांना मानवतं. आईचं दूध असेल तर पाजणं संपल्यापासून दोन तास, आपल्या उन्हाळ्यात तासभरच धरा. पावडरचं असेल तर पाजायला सुरुवात केल्यापासून तासाभरात टाकून द्या. उष्टं दूध पुन्हा कोमट करून देऊ नका. आईने मेहनतीने काढलेलं दूध ओतून देताना जीव तुटतो हे खरं, त्यावर उपाय आधी करायचा: १२० मिली एकदम कोमट न करता ६० करा, लागलं तर पुढचे ६०. तेवढ्यासाठी पिशव्याही छोट्या भरायच्या.

थर्मासमध्ये कोमट दूध भरून रात्रभर उशाशी ठेवणं किंवा गाडीत नेणं हा सगळ्यांत मोठा घोटाळा. ३७-४० अंश हे जंतूंचं आवडतं तापमान, आणि थर्मास ते तासन् तास टिकवतो. थर्मासमध्ये उकळतं पाणी न्यायचं आणि दूध बर्फाच्या पॅकसोबत गार. पुणे-नागपूर रेल्वेत, एसटीत, कुठेही, सोबत एक स्टीलचा मग आणि साध्या पाण्याची बाटली असली की एकास दोन हे माप तिथेही जमतं.

बाटली कोमट करण्याचं विजेचं यंत्र घेतलं तर त्याच्या ‘उबदार ठेवा’ बटणाबद्दलही हेच. कोमट झालं की बाटली काढायची. बोअरचं पाणी घातलं तर महिन्याभरात तळाच्या प्लेटवर क्षारांचा पांढरा थर चढतो, मग प्लेट नीट उष्णता देत नाही आणि वेळेचा अंदाज चुकतो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घालून अर्धा तास ठेवा, थर सुटेल, नंतर दोनदा धुवा. रोज वापर झाल्यावर यंत्रातलं पाणी ओतून कोरडं करा, साचलेल्या पाण्याला बुळबुळीतपणा येतो. पाळणाघरात यंत्र असलं तरी बाटलीवर नाव, तारीख, वेळ आणि ‘उकळू नये’ एवढं चिठ्ठीवर लिहून चिकटवा. तिथल्या ताई दहा बाळं सांभाळत असतात, तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत लक्षात राहीलच असं नाही.

बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजावं असं आपले बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि आम्हालाही तेच पटतं. निपलच्या खाचा धुणं अवघड, वाटी घासून उकळली की स्वच्छ. अडचण एकच: पसरट वाटीतलं ३० मिली दूध निम्मं पाजेपर्यंत गार होतं. त्यासाठी मोठ्या वाटीत दोन बोटं कोमट पाणी घेऊन त्यात दुधाची छोटी जड बुडाची वाटी बसवा. हलकी वाटी तरंगते आणि कलंडते, म्हणून बूड जड हवं. बोंडल्याने पाजत असाल तर बोंडलंही आधी कोमट पाण्यातून काढून पुसून घ्या. चांदीचं किंवा स्टीलचं गार बोंडलं दोन चमचे दुधाची ऊब लगेच खाऊन टाकतं, आणि बाळाच्या ओठांना पहिला स्पर्श त्या गार धातूचाच होतो.